पेशीतले अडते

शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो, तेव्हा अडत्या ऊस पिकवत नाही, गुऱ्हाळ लावत नाही, गुळाचा रवा घरीही नेत नाही. तो फक्त शेतकरी आणि व्यापारी यांची गाठ घालून देतो. पण अडते बसले नाहीत, तर सौदा बंद! आपल्या पेशींतही असे अडते आहेत. शास्त्रज्ञ त्यांना अ‍ॅडॅप्टर प्रथिने म्हणतात.

रक्तातली ‘टी’ पेशी म्हणजे शरीराची राखणदार. तिच्या अंगावरचा रिसेप्टर शत्रूला ओळखतो. पण ती वर्दी आत पोचवणारी रासायनिक क्रिया त्याला स्वतःला करता येत नाही. आवरणाला आतून चिकटलेले ‘लॅट’ नावाचे अ‍ॅडॅप्टर इथे कामी येते. वर्दी आली की त्याच्या शेपटीवर फॉस्फेटच्या खुणा उमटतात आणि त्या धरून एकेक कामकरी प्रथिन येऊन बसते. लॅट फक्त सर्वांना जवळ आणते. १९९८ साली अमेरिकेत त्याची ओळख पटली. पुढे लॅट नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांच्यात परिपक्व टी पेशीच आढळल्या नाहीत. (उभयान्वयी अव्ययांना तरी कोण विचारतो? पण कवितेतून ‘आणि’ काढून पाहा.)

हे शास्त्र आपल्या दारी आले ते कॅन्सरच्या उपचारातून. मुंबईच्या आयआयटीतले डॉ. राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांच्या प्रयत्नांतून घडलेल्या ‘नेक्सकार-१९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी पेशी काढायच्या, त्यांच्यावर कृत्रिम रिसेप्टर बसवायचा आणि त्या पुन्हा शिरेतून सोडायच्या.

कौतुक होते ते कॅन्सर ओळखणाऱ्या बाहेरच्या टोकाचे. खरी मेख आतल्या शेपटीत आहे. असे पहिले रिसेप्टर कॅन्सर ओळखत, पण त्या पेशी शरीरात फार काळ टिकत नसत. मग शेपटीत आणखी एक तुकडा जोडला गेला. नेक्सकारमध्ये तो ‘फोर-वन-बीबी’ नावाचा आहे. तो ‘ट्राफ’ नावाच्या अ‍ॅडॅप्टरांना बोलावतो; ते आले की पेशीला तग धरण्याचा, वाढण्याचा इशारा मिळतो.

या जोराची दुसरी बाजूही आहे. काही रुग्णांना सपाटून ताप येतो, रक्तदाब उतरतो. म्हणून डॉक्टरांची नजर लागते. खर्च परदेशाच्या मानाने पुष्कळ कमी, तरी लाखांतच. आणि ही मान्यता सरसकट कॅन्सरला नाही. इतर उपचारांना दाद न दिलेल्या किंवा उलटलेल्या ‘बी’ पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरला व लिम्फोमाला ती आहे. मुंबई गाठण्याआधी आपल्या डॉक्टरांना तेवढे विचारून घ्यावे.