कृष्णद्रव्य आणि विश्वरचना : खोडद येथील निरीक्षणाच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

खगोलीय वस्तूंचे ज्ञान मुख्यतः त्यांच्या प्रकाशावरून होते. जे द्रव्य प्रकाश उत्सर्जित करीत नाही वा शोषूनही घेत नाही, ते केवळ त्याच्या गुरुत्वाकर्षणावरून ओळखावे लागते. अशा द्रव्यास ‘कृष्णद्रव्य’ असे संबोधले जाते. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेतील दीर्घिकांच्या गतींवरून त्याचे अस्तित्व सुचविले.

अनुमानाची पद्धत

बुध सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर, तर नेपच्यून केवळ ५.४ किलोमीटर वेगाने फिरतो. कारण सूर्यमालेचे जवळजवळ सर्व वस्तुमान सूर्यात एकवटलेले आहे. दीर्घिकेचे वस्तुमानही तिच्या तेजस्वी भागातच असेल, तर त्या भागाबाहेर परिभ्रमणाचा वेग असाच घटत गेला पाहिजे. तेथे तारे विरळ असले तरी हायड्रोजन वायू आढळतो व तो २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओलहरी उत्सर्जित करतो. डॉप्लर परिणामावरून वायूचा वेग आणि वेगावरून आतील भागाचे एकूण वस्तुमान काढता येते.

खोडद येथील निरीक्षण

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी ही प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या साहाय्याने आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि इगोर काराचेन्त्सेव्ह यांनी एनजीसी ३७४१ या खुज्या दीर्घिकेचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. तिच्या वायूची तबकडी दृश्य भागाच्या त्रिज्येच्या आठपटीहून अधिक अंतरापर्यंत पसरलेली आढळली. तथापि एवढ्या अंतरावरही वेगात अपेक्षित घट दिसली नाही. सूर्याच्या तुलनेत या दीर्घिकेचे वस्तुमान व निळा प्रकाश यांचे गुणोत्तर सुमारे १०७ भरले. तारे आणि वायू यांची बेरीज या वस्तुमानास फारच अपुरी पडते.

विश्वरचनेतील भूमिका

प्रारंभीच्या विश्वात प्रारणाचा दाब सामान्य द्रव्यास एकत्र येऊ देत नव्हता. कृष्णद्रव्यावर तो दाब नसल्याने त्याचे पुंजके आधी बनले व नंतर सामान्य वायू त्यांत ओढला जाऊन दीर्घिका आकारास आल्या. पुण्यातील आयुका व आयसर येथील संशोधकांनी २०१७ मध्ये जाहीर केलेला, सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे विस्ताराचा ‘सरस्वती’ महासमूह अशा रचनेचे भव्य उदाहरण होय. प्रचलित प्रतिमानानुसार विश्वात सामान्य द्रव्य सुमारे ५, कृष्णद्रव्य २७ आणि कृष्णऊर्जा ६८ टक्के आहे.

समारोप

युरेनसच्या गतीतील विसंगतीमुळे १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेतील विसंगतीसाठी कल्पिलेला ग्रह मात्र कधीच सापडला नाही. तेथे १९१५ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांतच बदलावा लागला. कृष्णद्रव्याबाबतही हेच दोन पर्याय संभवतात. मॉर्डेहाय मिल्ग्रोम यांनी १९८३ मध्ये सुचविलेला गतिनियमांतील बदल एनजीसी ३७४१ चे परिभ्रमणही बऱ्याच अंशी स्पष्ट करतो. परंतु दीर्घिकासमूहांच्या बाबतीत तो अपुरा ठरतो. म्हणून कृष्णद्रव्याची बाजू आज अधिक बळकट आहे. मात्र त्याचा कण अद्याप कोणत्याही प्रयोगशाळेत निश्चितपणे आढळलेला नाही. म्हणूनच विद्यार्थ्यांपुढे हा विषय मांडताना निरीक्षण कोठे संपते व अनुमान कोठे सुरू होते, हे स्पष्ट करणे अगत्याचे ठरते.