शस्त्रपरवाना, पिस्तूलबंदी आणि खुनांचे प्रमाण : एक चिकित्सा

प्रस्तावना :
१६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी कोल्हापुरात फेरफटका आटोपून घरी परतणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे व त्यांच्या पत्नी उमा पानसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. २० फेब्रुवारीस पानसरे यांचे निधन झाले. परवान्याविना बंदूक बाळगणे हा गुन्हा असलेल्या देशात हे घडले. त्यामुळे शस्त्रांवरील कायदेशीर निर्बंधांनी खुनांचे प्रमाण घटते काय, हा प्रश्न येथे केवळ तात्त्विक राहत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

भारतीय स्थिती :
१९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना आवश्यक आहे. पीकसंरक्षणासाठी शेतकऱ्यास ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि बेकायदा शस्त्रनिर्मितीची शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढविली. तथापि, एका आंतरराष्ट्रीय पाहणीच्या २०१७ मधील अंदाजानुसार भारतातील नागरिकांकडील सुमारे ७.१ कोटी बंदुकांपैकी नोंदणीकृत बंदुका एक कोटीहूनही कमी होत्या. बंदुकीने होणाऱ्या बहुसंख्य खुनांत विनापरवाना शस्त्रच वापरले जाते. पानसरे यांच्या हत्येतही गावठी पिस्तुलांचा वापर झाल्याचे तपासात पुढे आले.

परवान्यांची संख्या आणि खून यांचा संबंधही सरळ नाही. देशात सर्वाधिक शस्त्रपरवाने उत्तर प्रदेशात आहेत. परंतु २०२२ मध्ये तेथे नोंदविलेले खुनांचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे १.५, तर महाराष्ट्रात १.८ होते.

परदेशातील अनुभव :
१३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन येथील शाळेत १६ मुले व एक शिक्षिका गोळीबारात मरण पावल्यानंतर ब्रिटनने १९९७ मध्ये खाजगी पिस्तुलांवर बंदी घातली. त्यानंतरही काही वर्षे इंग्लंड व वेल्समध्ये नोंदविलेले खून वाढतच गेले. घट २००३ नंतर दिसू लागली. मात्र २००२-०३ च्या आकड्यात डॉ. हॅरोल्ड शिपमन याचे १७२ पूर्वीचे बळी समाविष्ट होते, हे ध्यानात घ्यावे लागते. शिवाय तेथील बहुतांश खून बंदुकीविना होत असल्याने बंदीचा एकूण प्रमाणावरील परिणाम मर्यादितच राहणार होता. याउलट अमेरिकेत नागरिकांकडील बंदुकांची संख्या लोकसंख्येहून अधिक असून खुनांचे प्रमाण ब्रिटनच्या कित्येक पट आहे.

समारोप :
यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, बंदुकीने होणारे खून व एकूण खून यांचा हिशेब स्वतंत्रपणे मांडला पाहिजे. दोन, बंदी त्याच शस्त्रास आवर घालते, जे नोंदवहीत असते. म्हणून भारतात परवाने घटविण्यापेक्षा गावठी पिस्तूल बनविणाऱ्या, वाहून नेणाऱ्या व पुरविणाऱ्या साखळीवर घाव घालणे अधिक निर्णायक ठरेल. कोल्हापूरला ज्या शस्त्राने घायाळ केले, ते कोणत्याही परवान्यावर नव्हते.