गोल्फचा फटका आणि यंत्राची परीक्षा

गोल्फची काठी, म्हणजे क्लब, खाली यायला लागल्यापासून चेंडूवर आदळेपर्यंत निष्णात खेळाडूला जेमतेम पाव सेकंद लागतो. प्रत्यक्ष स्पर्श तर सुमारे अर्धा सहस्रांश सेकंदच टिकतो. प्रशिक्षकाच्या डोळ्यांना यातले काय दिसणार? म्हणून क्लबच्या मुठीजवळ नखाएवढे संवेदक बसवतात. एक त्वरण मोजतो, दुसरा कोनीय वेग. सेकंदाला १००० नोंदी घेतल्या, तर पाव सेकंदाच्या २५० नोंदी हाती येतात.

मुठीजवळच का? क्लबच्या टोकाचा वेग सेकंदाला ५० मीटर आणि त्रिज्या दीड मीटर धरा. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागून पाहा. अभिकेंद्री त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १७० पट येते! साध्या संवेदकाची तेवढी ताकद नसते. मुठीचा वेग पुष्कळ कमी असतो.

आता फटका सदोष आहे हे संगणक कसे ठरवतो? त्याला नियम सांगत नाहीत. प्रशिक्षकाने पारखलेले शेकडो फटके दाखवतात, आणि नोंदींमधली साम्ये तो स्वतः हुडकतो. खरी गोम येथेच आहे. समजा, दहा खेळाडूंचे फटके एकत्र मिसळले. काही शिकवायला वापरले, उरलेले परीक्षेला. संगणक भरघोस गुण मिळवील. पण प्रत्येकाची लकब निराळी; तेव्हा तो दोष न ओळखता माणूसच ओळखत असेल! वर्गात सोडवलेले गणित परीक्षेत घालण्यासारखेच हे. म्हणून नऊ जणांच्या फटक्यांवर शिकवतात आणि यंत्राला सर्वस्वी अनोळखी अशा दहाव्यावर परीक्षा घेतात. असे आळीपाळीने प्रत्येकाला बाजूला ठेवून करतात. गुण बहुधा पहिल्यापेक्षा कमीच पडतात.