स्टिंगरे विकायचाय? आधी कागद बघा!

गोड्या पाण्यातला स्टिंगरे म्हणजे मत्स्यालयाच्या धंद्यातला महागडा माल. पैसे अडकवण्याआधी कायदा समजून घ्या.

ब्राझीलच्या शिंगू नदीतला काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा स्टिंगरे २०२२ मध्ये ‘साइटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला. म्हणजे बंदी नाही, पण परवान्याशिवाय आयात-निर्यातही नाही.

आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतला जिवंत प्राणी बाळगला, तर २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. मालक बदलला, पिल्लं झाली, मासा मेला, तरी कळवायचं. ‘इथलीच पैदास आहे’ म्हटल्यानं सुटका होत नाही.

म्हणून सप्लायरला भाव नंतर विचारा. आधी विचारा, शास्त्रीय नाव काय आणि कागद कुठायत? उत्तर गोलमाल आलं, तर टोकनसुद्धा देऊ नका. माल जप्त झाला तर भांडवल जातं आणि दुकानाचं नावही.