दाटलेलं घर आणि टीबी : कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेकडून एक धडा

टीबीचा रुग्ण सापडला की आम्ही त्याच्या घरी जातो आणि ठरलेल्या गोष्टी सांगतो. खोकताना तोंडावर रुमाल धरा. खिडकी उघडी ठेवा. रुग्णाला वेगळं झोपवा. एकदा दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं होती आणि एकुलती एक खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडत होती. तिथल्या सासूबाईंनी आम्हाला विचारलं, "सिस्टर, वेगळं म्हणजे कुठं? पोटमाळ्यावर की रस्त्यावर?" आमच्याजवळ उत्तर नव्हतं.

हाच प्रश्न इथून हजारो किलोमीटरवर, उत्तर ध्रुवाजवळच्या लोकांनाही पडला आहे. आपल्याकडे घाम, तिथे बर्फ. तरीही आजार तोच आणि कारणही तेच. म्हणून या महिन्यात त्यांची गोष्ट सांगतो.

काडेपेटीची घरं

शाळेच्या पुस्तकात आपण 'एस्किमो' वाचले, बर्फाच्या घराचं चित्रही पाहिलं. हे लोक स्वतःला इनुइट म्हणवतात. कॅनडाच्या उत्तरेत नुनावुत नावाचा त्यांचा मोठा प्रदेश आहे. या शब्दाचा अर्थ 'आमची भूमी'. १ एप्रिल १९९९ ला त्याला वेगळं सरकार मिळालं. इकालुइट ही राजधानी. २०२१ च्या जनगणनेत तिथे सुमारे ३७ हजार माणसं होती आणि तीही २५ गावांत विखुरलेली. एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्ता नाही. विमानानं जायचं, नाहीतर उन्हाळ्यात बोटीनं.

पूर्वी इनुइट कुटुंबं शिकारीमागे फिरत. हिवाळ्यात बर्फाचं किंवा गवताळ मातीचं घर, उन्हाळ्यात कातड्याचा तंबू. १९५० आणि १९६० च्या दशकांत सरकारनं त्यांना एका जागी वसवलं. शाळा, दवाखाना आणि स्वस्त भाड्याचं घर मिळेल, असं सांगितलं. मिळाली ती एका खोलीची लाकडी घरं. लोकांनी त्यांना नाव ठेवलं 'काडेपेटी'. मुलं झाली, नातवंडं झाली, पण त्या मानानं घरं वाढली नाहीत.

घरं का पुरत नाहीत?

तिथे विटा, लाकूड, खिळा, दरवाजा सगळं दक्षिणेतून जहाजानं येतं, आणि जहाज येतं ते बर्फ वितळल्यावर, वर्षातले थोडेच महिने. एखादी महत्त्वाची वस्तू राहून गेली तर महागडं विमान, नाहीतर पुढच्या वर्षीची वाट. जमीन खालून कायम गोठलेली, म्हणून घर खांबांवर उचलून बांधावं लागतं. बहुतेक घरांत पाणी टँकरनं येतं. वीज डिझेलवर चालते. कारागीरही बरेचदा बाहेरून आणावे लागतात. त्यामुळे बांधकामाचा खर्च दक्षिणेपेक्षा कितीतरी जास्त. साध्या पगारदाराला स्वतःचं घर विकत घेणं जवळपास अशक्य.

म्हणून तिथले निम्म्याहून अधिक लोक सरकारी भाड्याच्या घरात राहतात आणि नव्या घरासाठी वर्षानुवर्षं यादीत थांबतात. पण सगळा दोष थंडीवर टाकून चालणार नाही. १९९३ मध्ये इनुइट लोकांशी जमिनीचा मोठा करार झाला. त्याच वर्षी केंद्र सरकारनं गरिबांसाठी नवीन घरं बांधायला पैसा देणं थांबवलं. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढून घेतलं.

एक गोष्ट आम्हा नर्सेसना विशेष लागली. दक्षिणेतून नोकरीला येणाऱ्या नर्सला, शिक्षकाला नोकरीबरोबर घर मिळतं. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणारा मात्र भावाच्या घरात, सोफ्यावर, पाळीपाळीनं झोपतो. उणे तीस अंशांत रस्त्यावर कोणी झोपू शकत नाही. म्हणून तिथली बेघर माणसं रस्त्यावर दिसत नाहीत. ती दुसऱ्याच्या घरात दाटलेली असतात.

दाटलेल्या घरात टीबी कसा फिरतो?

टीबीचे जंतू ताटवाटीतून किंवा कपड्यांतून पसरत नाहीत. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, बोलतो, तेव्हा ते हवेत जातात. बंद खोलीत ती हवा तासन्‌तास तशीच राहते. वारा खेळता असेल तर जंतू विरळ होतात, उन्हानं मरतात. तिथे थंडीमुळे वर्षातले बरेच महिने खिडक्या बंद. माणसांचा श्वास आणि स्वयंपाकाची वाफ यांनी भिंती ओल्या होतात, बुरशी धरते. अशा घरात लहान मुलांची छातीही वारंवार भरते.

२०२१ च्या जनगणनेत इनुइट भूमीत राहणारे निम्म्याहून अधिक इनुइट दाटलेल्या घरांत होते. आणि २०१८ मध्ये जेव्हा सरकारनं २०३० पर्यंत तिथला टीबी संपवण्याचं वचन दिलं, तेव्हा तिथल्या इनुइटांमधलं टीबीचं प्रमाण कॅनडात जन्मलेल्या बिगर-आदिवासी लोकांच्या सुमारे ३०० पट होतं. देश एकच, सरकारही एकच.

औषध पोचलं, घर पोचलं नाही

टीबीवर तिथे उपचार झालेच नाहीत, असं नाही. १९५० च्या दशकात सी. डी. हाउ नावाचं जहाज दर उन्हाळ्यात गावोगाव जाई. जहाजावरच एक्स-रे निघे. डाग दिसला की कित्येकांना घरच्यांचा निरोपही घेऊ न देता दक्षिणेच्या इस्पितळात नेत. १९५६ मध्ये सुमारे दर सातांतला एक इनुइट असा दूरच्या इस्पितळात होता. काही परतलेच नाहीत, आणि त्यांना कुठे पुरलं हे घरच्यांना कळलं नाही. ८ मार्च २०१९ ला पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी इकालुइटला जाऊन याची माफी मागितली.

त्यानंतरही २०२१ च्या नोव्हेंबरात पांगनिर्टुंग या लहानशा गावात टीबीची साथ जाहीर झाली. बरा झालेला माणूस त्याच दाटलेल्या घरात परत जात असेल तर आजारही परत येणारच. नुनावुतच्या तरुण खासदार मुमिलाक काकाक यांनी घरोघर फिरून बुरशी आणि दाटी पाहिली आणि २०२१ मध्ये त्यावर अहवाल दिला. २०२२ मध्ये तिथल्या सरकारनं २०३० पर्यंत ३,००० घरं बांधायची योजना जाहीर केली. लोक बोलत राहिले, तेव्हा कुठे हे झालं.

आपल्यासाठी

पक्की इमारत मिळाली म्हणजे प्रश्न सुटला, असंही नाही. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. इमारती एकमेकींना इतक्या चिकटलेल्या, की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही. तिथे टीबीचा धोका जास्त दिसला.

म्हणून एवढं करा :

- दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं, यांतलं काही असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषध मोफत आहे.
- घरात एकाला टीबी निघाला तर सगळ्यांची तपासणी करून घ्या. लहान मुलांची आधी. आजार नसलेल्यांसाठी प्रतिबंधक गोळ्याही असतात, त्याबद्दल विचारा.
- गोळ्या पूर्ण मुदत घ्या. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.
- उपचार सुरू असताना पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात. नोंदणी झाली का, ते पाहा.
- रुग्णाचं अंथरूण दाराजवळ, वाऱ्याच्या वाटेवर घाला. दिवसा दार उघडं ठेवा. भांडी वेगळी करून त्याला दुखवू नका.
- वस्तीत पुनर्वसनाची बैठक झाली तर चौरस फुटांबरोबर हेही विचारा : दोन इमारतींत अंतर किती? प्रत्येक खोलीला खिडकी आहे का? तळमजल्यावर ऊन येईल का? उत्तर लेखी मागा.

त्या सासूबाईंच्या घरी आम्ही पुन्हा गेलो. सुनेचं अंथरूण दारापाशी आणलं, घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घेतली. सून आता बरी आहे. खोली मात्र अजून तेवढीच आहे आणि माणसंही आठच. म्हणून पुढच्या बैठकीला आम्ही सासूबाईंनाच बोलायला उभं करणार आहोत.