तांबीविषयीचे मौन

गर्भाशयात बसवावयाच्या साधनाला आपल्या बायकांनी ‘तांबी’ असे सुटसुटीत नाव दिले. त्या साधनाविषयी त्यांच्याशी तितक्याच मोकळेपणाने बोलण्याचे मात्र आपण टाळीत आलो. १९६५ साली शासनाने प्लॅस्टिकची लूप राष्ट्रीय कार्यक्रमात आणली, तेव्हा पहिल्या दोन वर्षांत लाखो स्त्रियांनी ती बसवून घेतली. उद्दिष्टाचे आकडे पुरे करण्याच्या घाईत, अंगावरून अधिक जाईल, ओटीपोट दुखेल, हे सांगावयाचे बहुधा राहून गेले. त्रास सुरू होताच अफवांना ऊत आला आणि स्त्रियांनी लूपकडे पाठ फिरविली. ही भीती केवळ आपल्याकडची म्हणावी, तर अमेरिकेत १९७१ साली आलेल्या ‘डाल्कन शील्ड’ची विक्री जंतुसंसर्गाच्या तक्रारींमुळे १९७४ साली थांबवावी लागली.

आजची तांबी त्याहून पुष्कळच सुरक्षित आहे. ‘कॉपर टी ३८०-ए’ दहा वर्षे काम देते आणि पहिल्या वर्षी शंभरांत एकीलाही क्वचितच दिवस राहतात. तथापि पहिले तीन ते सहा महिने पाळी जड जाते. ज्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत, तेथे ही बाब किरकोळ कशी मानावी? काहींची तांबी आपोआप निसटते. हजारांत एखाद-दुसरीच्या गर्भाशयाला बसविताना छिद्र पडते. दोरा हाताला लागेनासा झाला, ताप आला, पाळी चुकली वा पोटात कळ उठली, तर त्वरित तपासणी हवी. तांबी असूनही दिवस राहिलेच, तर गर्भ नलिकेत नाही ना, हे आधी पाहावे लागते.

हे सारे ऐन पावसाळ्यात गगनबावड्याच्या एखाद्या वाडीवरील बाईने कसे करावे? सोनोग्राफीसाठी कोल्हापूर गाठायचे तर पन्नासहून अधिक किलोमीटर, शिवाय बुडालेली मजुरी. म्हणून ती त्रास अंगावर काढते आणि पंचविशीतच शस्त्रक्रियेचा मार्ग धरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील ३७.९ टक्के विवाहितांनी शस्त्रक्रिया करून घेतल्याचे आढळले. तांबीवाल्या अवघ्या २.१ टक्के होत्या.

तांबी कोणत्या प्रकारची, कधी बसविली, पुन्हा केव्हा दाखवावयाचे, हे मराठीत लिहिलेले कार्ड प्रत्येकीच्या हाती पडले पाहिजे. आणि ‘काढून टाका’ असे ती म्हणाली, की तांबी काढलीच पाहिजे. त्यासाठी नवऱ्याला वा सासूला विचारून येण्यास सांगण्याचे कारण नाही.