हजार सभासद, ओळखीचे किती?

लिंक्डइनवर कुठल्याही औद्योगिक शहराच्या नावाने गट शोधला, तर दोन-चार तरी सापडतातच. सभासद कधी शेकड्यांनी, कधी हजारांनी. आत डोकावले की बहुतेक ठिकाणी तेच चित्र: बिलिंग सॉफ्टवेअरची जाहिरात, तिच्याखाली विमा सल्लागाराची, तिच्याखाली कसल्याशा वेबिनारचे निमंत्रण. कोणाच्याच खाली प्रतिक्रिया नाही. सगळे विकायला आलेले आणि घ्यायला कोणीच नाही. गट काढणाऱ्याने सुरुवातीला उत्साहाने दिसेल त्याला आत घेतलेले असते आणि नंतर तिकडे फिरकणेच सोडलेले असते.

तरीही भोसरी, चाकण, सातपूर किंवा शिरोलीतल्या लहान उद्योजकाला असा गट हवासा वाटतो, त्याला कारण आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली लिहिलेल्या एका निबंधात दाखवून दिले की नोकरीची खबर बहुधा घरच्या-दारच्या माणसांकडून मिळत नाही. ती अधूनमधून भेटणाऱ्याकडून मिळते. जवळच्यांना जे माहीत असते, ते आपल्यालाही आधीच कळलेले असते. पुढे लिंक्डइनच्याच सुमारे २ कोटी सभासदांवर पाच वर्षे केलेल्या प्रयोगांचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ साली आला. ग्रॅनोव्हेटरचे म्हणणे त्यात मोठ्या प्रमाणावर खरे ठरले, पण दोन दुरुस्त्यांसह. अगदी पुसट ओळखीपेक्षा मध्यम विरळ ओळख जास्त कामाची ठरली, म्हणजे दोघांना काही माणसे सामाईक माहीत असणारी. आणि विरळ ओळखीचा हा फायदा संगणकावर चालणाऱ्या उद्योगांत दिसला. जिथे डिजिटल कामाचा भाग कमी, तिथे घट्ट ओळखच उपयोगी पडली.

हा अभ्यास नोकऱ्यांचा होता, ऑर्डरींचा नव्हे. पण लेथवर जॉबवर्क करणाऱ्याला तो लगेच पटेल. नवा माणूस स्क्रीनवर दिसला म्हणून कोणी त्याच्याकडे डाय बनवायला टाकत नाही. आधी कोणाला तरी फोन जातो: ‘याचं काम कसं आहे? माल वेळेवर देतो का?’ स्थानिक गटाने करायचे काम नेमके हेच, या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस उपलब्ध करून देणे. त्यासाठी सभासद एकमेकांना निदान एकदा प्रत्यक्ष भेटलेले हवेत.

ही कल्पना इंटरनेटपेक्षा बरीच जुनी आहे. पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत तीन परिचितांना घेऊन रोटरीची पहिली बैठक भरवली. सभासद आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटत, त्यावरून क्लबचे नाव पडले. आज रोटरी म्हटले की पोलिओ निर्मूलन आठवते, पण सुरुवातीच्या घटनेत पहिलाच उद्देश सभासदांच्या धंद्याची वाढ हा होता आणि प्रत्येक व्यवसायाचा एकच प्रतिनिधी घेतला जाई. पुढे डोनाल्ड कार्टर नावाच्या एका पेटंट वकिलाने असा आपमतलबी क्लब टिकणार नाही म्हणून आत यायला नकार दिला. मग सेवेचे कलम जोडले गेले.

सेवा बाजूला ठेवून एका व्यवसायाला एकच खुर्ची हे तत्त्व जसेच्या तसे उचलले ते बीएनआयने. आयव्हन मिस्नर यांनी १९८५ साली कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या या संस्थेचे चॅप्टर आता पुण्या-नाशकातही भल्या सकाळी भरतात. दर आठवड्याची हजेरी, कोणी कोणाला किती रेफरल दिले याची नोंद, वर्षाची फी. मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी २००० साली सॅटर्डे क्लब सुरू केला, त्याचीही मदार प्रत्यक्ष बैठकांवरच राहिली. फी आणि हजेरीची सक्ती अनेकांना जाचते, आणि ते चुकीचेही नाही. पण ज्याने पैसे आणि पहाटेची झोप मोजली आहे, तो गटात निदान लक्ष तरी घालतो. लिंक्डइनवर एका टिचकीसरशी आत आलेल्याला गटाचे नावही आठवत नाही.

या फुकट सभासदत्वावर एक उतारा सापडला तो ऑस्ट्रेलियातल्या कॉफ्स हार्बर या किनाऱ्यावरच्या गावात. २०१७ साली ॲना मॅकाफी या व्यावसायिक महिलेने लिंक्डइनवरच्या आपल्या परिसरातल्या संपर्कांना प्रत्यक्ष भेटीला बोलावले. अट एवढीच की धंद्याची टिमकी वाजवायची नाही, माणूस म्हणून ओळख करून घ्यायची. ‘लिंक्डइन लोकल’ या हॅशटॅगखाली अशा भेटी जगभरच्या शहरांत पसरल्या, भारतातही भरल्या. कंपनीने हा उपक्रम सुरू केलेला नव्हता. तो वाढल्यावर तिचे लक्ष गेले.

पुणे-पिंपरीच्या पट्ट्यात असा गट चालवायचा तर पहिली कसोटी दारावरच असते. लिंक्डइनमध्ये प्रवेशाचा अर्ज गटचालकाने मंजूर करण्याची सोय आहे, पोस्ट आधी तपासून मगच दिसू देण्याचीही आहे. बहुतेक चालक दोन्ही वापरत नाहीत, कारण आकडा वाढलेला बरा दिसतो. खरे तर तीन प्रश्न पुरतात. कारखाना किंवा दुकान कुठे आहे? काय बनवता किंवा कोणती सेवा देता? तुमचे गिऱ्हाईक कोण? जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो सरकारी पोर्टलवर कोणालाही तपासता येतो. हैदराबादेत बसून पुण्याच्या गटात कर्ज विकू पाहणारा पहिल्या प्रश्नालाच गळतो.

दुसरे काम चर्चा पेटती ठेवण्याचे, आणि इथे सुविचार अजिबात चालत नाहीत. माणसे बोलतात ती अडलेल्या गोष्टींवर. उदाहरणार्थ थकलेली बिले. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो. आयकर कायद्यातल्या नव्या तरतुदीने २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट त्या वर्षी नाकारायला सुरुवात केली, तेव्हा वर्कशॉपवाल्यांत उलटसुलट बोलणे झाले. कोणाला पैसे लवकर मिळतील अशी आशा, तर कोणाला मोठी पार्टी नोंदणी नसलेल्याकडे काम वळवील अशी धास्ती. गटात एखाद्या सीएला बोलावून या एकाच विषयावर तासभर प्रश्नोत्तरे ठेवली, तर शंभर पोस्टींनी होणार नाही एवढी जाग येते. तसेच ‘अमुक मापाचा भाग हवा आहे, हीट ट्रीटमेंट कोण करेल?’ अशा नेमक्या विचारणेचे. गटचालकाने अशी विचारणा आली की दोन-तीन सभासदांना स्वतः फोन करून तिच्याकडे वळवायचे असते. कंटाळवाणे काम आहे, पण गट चालतो तो त्यावरच.

भेटीचा वारही जागा पाहून ठरतो. भोसरी-पिंपरी भागात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तिथे हॉटेलातली शनिवार संध्याकाळची चकचकीत सभा घेतली तर आयटीवाले येतील, मशीनवाले मात्र शिफ्ट संपवण्यात अडकलेले असतील. रोटरीच्या पहिल्या सभासदांसारखे एकमेकांच्या जागी जमणे इथे जास्त शोभते. शेजाऱ्याच्या शेडमध्ये कोणते मशीन रिकामे उभे आहे, हे प्रोफाइलवर लिहिलेले नसते.

आणि सभासदांची यादी? गट कितीही कष्टाने जमवला तरी सभासदांचे ई-मेल लिंक्डइन चालकाच्या हाती देत नाही. पोस्ट कोणाला दाखवायची हेही कंपनीचे अल्गोरिदमच ठरवते. याचा धडा जर्मनीत मिळाला. लार्स हिन्रिक्स यांनी २००३ साली सुरू केलेल्या ‘झिंग’ या लिंक्डइनसारख्याच संकेतस्थळावर शहरा-शहरांचे गट होते. स्वयंसेवक चालक ते वर्षानुवर्षे सांभाळत, प्रत्यक्ष मेळावे भरवत. नोकरभरतीवर लक्ष द्यायचे ठरवून कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये गटांची सोयच बंद केली. ज्यांनी सभासदांशी बाहेरही संपर्क ठेवला होता, त्यांचे मेळावे दुसरीकडे चालू राहू शकले. बाकीच्यांची चर्चा आणि जमवाजमव संपली.

म्हणून पहिल्याच भेटीत एक साधा फॉर्म भरून घेणे शहाणपणाचे: नाव, जागा, काम, मशीन, फोन. खाली एक ओळ, हा क्रमांक गटातल्या इतरांना देण्यास माझी संमती आहे. व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आल्यापासून ही ओळ नुसती सभ्यता राहिलेली नाही. सही नसेल त्याचा क्रमांक यादीत जाऊ नये, आणि ती यादी चालकाखेरीज आणखी एका सभासदाकडेही असावी.